सुलतानचे सर : वोल्फगांग कोहलर

आपल्या मासिकात दरवर्षी थोरामोठ्यांची चरित्रे येतात. विश्वेश्वरय्या येतात, टेस्ला येतो, कलाम सर तर असतातच. या वेळी मी जरा वेगळा माणूस निवडला आहे. त्यांनी पूल बांधला नाही की इंजिन काढलं नाही. त्यांनी एका बेटावर राहून चिंपांझींना केळी दाखवली, आणि ती केळी सहजासहजी हाताला लागणार नाहीत याची पक्की व्यवस्था केली. एवढ्या कामावरून त्यांचं नाव मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात गेलं. पण मी त्यांच्यावर लिहायचं ठरवलं ते नुसत्या केळ्यांमुळे नाही. पुढे एकदा त्यांच्या देशातले बहुतेक मोठे प्रोफेसर गप्प बसले होते, तेव्हा हे गृहस्थ बोलले, म्हणून.

ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांनी हे नाव ऐकलं असेल. माझ्या मावशीच्या बी.एड.च्या नोट्समध्ये ‘मर्मदृष्टी’ नावाचं एक प्रकरण आहे. त्यात एक चिंपांझी, दोन काठ्या आणि केळं एवढं पाठ केलं की परीक्षेतली टीप सुटते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मर्मदृष्टी हा शब्दच मला नवीन होता. इनसाइट म्हटल्यावर कळलं. पण आता मला मराठी शब्दच जास्त आवडतो. गोष्टीचं मर्म दिसणं! आपण सेमिस्टरमधून किती वेळा म्हणतो, की गणित सुटलं पण कळलं नाही. सुटणं आणि कळणं यांतला फरक कोहलरनी आयुष्यभर शोधला.

फिजिक्सकडून मनाकडे

वोल्फगांग कोहलर यांचा जन्म २१ जानेवारी १८८७ रोजी रेव्हाल या गावी झाला. म्हणजे आजच्या एस्टोनियाची राजधानी टॅलिन. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता. घर मात्र जर्मन. वडील शाळेचे मुख्याध्यापक. वोल्फगांग लहान असतानाच कुटुंब जर्मनीत आलं. ट्युबिंगेन, बॉन आणि बर्लिन अशा तीन विद्यापीठांत ते शिकले. बर्लिनला त्यांना फिजिक्स शिकवायला साक्षात मॅक्स प्लांक होते. आपण फर्स्ट इयरला ज्यांचा कॉन्स्टंट पाठ करतो तेच! मानसशास्त्रात त्यांचे गुरू कार्ल श्टुम्फ. १९०९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, आवाज आणि ऐकणं या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यानंतर ते फ्रँकफर्टला गेले. तिथे १९१० मध्ये माक्स वेर्टहायमर आले. असं सांगतात की वेर्टहायमर ट्रेनने सुट्टीला निघाले होते. वाटेत त्यांना एक कल्पना सुचली, म्हणून ते फ्रँकफर्टला उतरले आणि त्यांनी चित्रं हलताना दाखवणारं एक खेळणं विकत घेतलं. मग प्रयोग सुरू झाले. प्रयोगात बघायला बसणारे दोघे होते, कोहलर आणि कुर्ट कोफ्का. एक रेघ दाखवायची, बंद करायची आणि जरा बाजूला दुसरी दाखवायची. मधला वेळ साधारण ६० मिलिसेकंद ठेवला की दोन रेघा दिसतच नाहीत, एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसते. प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं! दुकानांच्या पाट्यांवरचे एलईडी पळताना दिसतात ते याच कारणाने.

यातून त्या तिघांनी एक मोठा निष्कर्ष काढला. आपण जग तुकड्या-तुकड्यांनी बघत नाही, आधी एक पूर्ण आकृती बघतो. गाणं वरच्या पट्टीत म्हटलं तर एकूण एक सूर बदलतात, तरी चाल तीच राहते. मग चाल कशात असते? ती सुरांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात असते. या विचाराला गेस्टाल्ट मानसशास्त्र म्हणतात. गेस्टाल्ट म्हणजे जर्मनमध्ये आकृती. वेर्टहायमर यांचा यावरचा निबंध १९१२ मध्ये आला.

बेटावर अडकलेला माणूस

त्याच सुमारास प्रशियाच्या विज्ञान अकादमीने कॅनरी बेटांपैकी तेनेरिफ या बेटावर चिंपांझींच्या अभ्यासाचं एक केंद्र काढलं होतं. चिंपांझी आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधून आणले होते, कारण तेव्हा ती जर्मन वसाहत होती. तेनेरिफ आफ्रिका आणि जर्मनीच्या मधे पडतं, आणि तिथली हवा चिंपांझींना मानवते. १९१३ च्या शेवटी कोहलर या केंद्राचे प्रमुख म्हणून पत्नी आणि मुलांसह तिथे पोहोचले. वय २६. थोडे दिवस काम करून परत यायचं असा बेत होता. १९१४ च्या उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध पेटलं, समुद्र ब्रिटिश नौदलाच्या ताब्यात गेला, आणि कोहलर १९२० पर्यंत तिथेच अडकून पडले.

बेट स्पेनचं, म्हणजे तटस्थ देशाचं. तरी एक जर्मन प्रोफेसर समुद्रकाठी माकडांबरोबर वर्षानुवर्षं राहतो, यावर ब्रिटिशांचा विश्वास बसेना. हा माणूस हेर आहे अशी कुजबुज होती. रोनाल्ड ले या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९० मध्ये त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ठोस पुरावा मात्र पुढे आला नाही. पुरावा आहे तो प्रयोगांचा, आणि तो भरपूर आहे.

केंद्रात नऊ चिंपांझी होते. त्यांत सुलतान सगळ्यांत हुशार. ग्रांडे नावाची मादी खोक्यांचे मनोरे रचण्यात पटाईत. चिका काठी जमिनीवर उभी करून, तिच्यावर चढून, ती पडायच्या आत उडी मारून केळं पकडण्यात उस्ताद. म्हणजे आपल्या पोल व्हॉल्टसारखंच, फक्त मेडलऐवजी केळं. राना मात्र जरा मंद होती. आपल्या प्रत्येक बॅचसारखीच ती बॅच होती.

त्याआधी अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना पिंजऱ्यात कोंडून प्रयोग केले होते. आतली कळ दाबली की दार उघडायचं. मांजर ओरबाडायचं, उड्या मारायचं, कधीतरी चुकून कळ दाबली जायची. पुढच्या वेळी थोडा वेळ कमी लागायचा. यावरून थॉर्नडाइकनी म्हटलं की प्राणी प्रयत्न आणि प्रमाद यांतूनच शिकतात, त्यांना समजत काही नाही. कोहलर यांची हरकत अगदी इंजिनिअरसारखी होती. कळ आणि दार यांना जोडणारी यंत्रणा मांजराला दिसतच नाही! बंद डब्यातलं सर्किट ओळखायला सांगितलं तर आपणही बटणंच दाबत बसू. समज तपासायची असेल तर कोड्याचे सगळे भाग डोळ्यांसमोर हवेत. म्हणून त्यांच्या प्रयोगांत सगळं उघड्यावर होतं. केळं, काठी, खोकं, दोरी, काहीच लपवलेलं नाही. फक्त सरळ रस्ता बंद.

एका प्रयोगात सहा चिंपांझी एका खोलीत होते. छताच्या कोपऱ्याजवळ केळं टांगलेलं, आणि खोलीच्या मधे एक लाकडी खोकं. सगळे उड्या मारून थकले. सुलतानने उड्या मारणं थांबवलं आणि तो येरझारा घालू लागला. अचानक तो खोक्यासमोर उभा राहिला, ते केळ्याच्या दिशेने ढकलत नेलं, वर चढला आणि उडी मारून केळं ओढलं. सुरुवातीपासून केळं हातात येईपर्यंत साधारण पाच मिनिटं. पण खोक्यापाशी थांबल्यापासून पुढचं सगळं काही सेकंदांत, मधे एकही चुकीची हालचाल नाही. कोहलर यांच्या नजरेत भरला तो हाच क्षण. आधी धडपड, मग शांतता, मग एकदम सरळ उत्तर.

बी.एड.च्या नोट्समधला प्रयोग दोन बांबूंचा. गजांच्या बाहेर केळं, आणि सुलतानकडे दोन पोकळ बांबू, एक जाड आणि एक बारीक. एकट्याने कुठलाच पुरत नाही. सुलतानने तासाभराहून जास्त वेळ प्रयत्न केला. एक बांबू बाहेर ठेवून दुसऱ्याने तो ढकलत ढकलत केळ्याला टेकवला सुद्धा. केळ्यापर्यंत पोहोचल्याचं समाधान मिळालं, केळं नाही. (व्हायवाला आपण असंच उत्तर देतो.) कोहलरनी जाड बांबूच्या भोकात बोट घालून त्याला हिंटसुद्धा दिली. उपयोग शून्य. शेवटी ते कंटाळून निघून गेले, आणि लक्ष ठेवायला फक्त रखवालदार राहिला. सुलतान खोक्यावर बसून दोन्ही बांबूंशी नुसता खेळत होता. खेळता खेळता दोन्ही एका सरळ रेषेत आले. त्याने बारीक बांबू जाड बांबूत थोडासा सरकवला आणि लगेच उठून गजांकडे धाव घेतली. मग केळी एकामागून एक आत आली. जोड सुटला तर तो पुन्हा बसवायचा. पुढे त्याने तीन बांबूही जोडले.

सिव्हिलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कोहलरनी बारकाईने नोंदवलं आहे की या हुशार मंडळींना स्टॅटिक्स जवळजवळ येतच नव्हतं. खोक्यावर खोकं ठेवायचं हे कळलं, पण कसं ठेवायचं हे नाही. कोपऱ्यावर उभं केलेलं, अर्धं बाहेर लोंबणारं, सगळं चालायचं. खोकं भिंतीला दाबून धरलं की ते तिथेच चिकटून राहील अशीही काहींची अपेक्षा असायची! ग्रांडेचे मनोरे चार मजली होत, पण ते तिच्या तोल सांभाळण्यावर उभे असत, रचनेवर नाही. कोहलर यांचा हा गुण मला फार आवडला. चिंपांझी हुशार आहेत हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाने त्यांची फजितीही तितक्याच मनापासून लिहून ठेवली. १९१७ मध्ये हे सगळं जर्मन पुस्तकरूपाने आलं आणि १९२५ मध्ये इंग्रजीत.

मग सगळं मान्य झालं का? नाही. हर्बर्ट बर्च यांनी १९४५ मध्ये दाखवलं की ज्या चिंपांझींना काठीची सवय नाही त्यांना काठीचं कोडं बहुधा सुटत नाही. त्यांना तीन दिवस काठ्यांशी खेळू दिलं की मग पटकन सुटतं. रॉबर्ट एप्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये कबुतरांना खोकं ढकलणं आणि खोक्यावर चढून केळ्याच्या चित्राला चोच मारणं अशा गोष्टी वेगवेगळ्या शिकवल्या. नंतर कबुतरांनी त्या आपणहून जोडून सुलतानसारखंच कोडं सोडवलं. म्हणजे मर्मदृष्टी आकाशातून पडत नाही, तिच्याखाली आधीचा अनुभव लागतो. सुलतानसुद्धा बांबूंशी खेळत बसला होताच की! दुसऱ्या बाजूने, १९६० मध्ये जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोम्बे इथे जंगलातले चिंपांझी गवताच्या काडीने वाळवी बाहेर काढून खाताना पाहिले. म्हणजे हत्यार वापरणं हा पिंजऱ्यातल्या कंटाळ्याचा खेळ नव्हता, तो त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. आज आपल्याला माहीत आहे की त्यांची आणि आपली वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि एकास एक ताडून बघता येतो तो डीएनए सुमारे ९९ टक्के सारखा आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हे सगळे प्राणी जंगलातून पकडून आणलेले होते. १९२० मध्ये केंद्र बंद झालं आणि त्यांची रवानगी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात झाली. ज्यांना समज आहे हे ज्यांच्यामुळे सिद्ध झालं, त्यांना स्वतःला कधी घरी जाता आलं नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने चिंपांझींवरच्या शारीरिक प्रयोगांचा पाठिंबा पूर्ण थांबवला तो थेट २०१५ मध्ये.

बर्लिन, १९३३

परत आल्यावर कोहलर यांचं नाव झालं होतं. १९२२ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्रोफेसर आणि मानसशास्त्र संस्थेचे संचालक झाले. संस्था भरायची चक्क जुन्या राजवाड्यात. वेर्टहायमर काही वर्षं तिथे होते, कुर्ट लेविन होते. कार्ल डुंकर नावाचा अफलातून विद्यार्थी होता. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांची डबी वापरून मेणबत्ती भिंतीवर लावा, हे कोडं त्याचंच. (डबी रिकामी करून तीच स्टँड म्हणून ठोकायची. ती फक्त टाचण्यांसाठी आहे असं डोक्यात बसलं की सुचत नाही.)

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. ७ एप्रिलला कायदा झाला आणि ज्यू प्रोफेसरांना नोकरीतून काढायला सुरुवात झाली. नोबेल विजेते फिजिसिस्ट जेम्स फ्रांक हे ज्यू होते, पण पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे त्यांना सूट होती. तरी त्यांनी त्याच महिन्यात निषेध म्हणून राजीनामा दिला. वेर्टहायमर देश सोडून गेले. कोहलर ज्यू नव्हते. गप्प राहिले असते तर खुर्ची, राजवाडा, पगार सगळं शाबूत राहिलं असतं. बहुतेकांनी तेच केलं.

२८ एप्रिल १९३३ रोजी बर्लिनच्या एका मोठ्या वर्तमानपत्रात कोहलर यांचा लेख छापून आला. देशातली अनेक चांगली माणसं नव्या पक्षापासून दूर का आहेत ते त्यांनी त्यात सांगितलं. फ्रांक यांच्यासारख्या माणसाला आपण गमावतो आहोत, असं नाव घेऊन लिहिलं. नाझी राजवटीत जर्मनीत उघडपणे छापला गेलेला हा शेवटचा विरोधी लेख होता असं मानतात. त्या रात्री अटक होणार हे धरून कोहलर आणि त्यांचे मित्र घरी वाद्यं वाजवत बसले. रात्रभर कोणी आलं नाही. आली ती वाचकांची आभाराची पत्रं.

नोव्हेंबरमध्ये फर्मान निघालं की प्रत्येक प्रोफेसरने तास नाझी सॅल्यूटने सुरू करायचा. कोहलर भरलेल्या वर्गात आले. समोर तपकिरी शर्टवालेही बसले होते. त्यांनी सॅल्यूट म्हणून हात नुसता झटकला, आणि या सॅल्यूटमागचे विचार आपल्याला मान्य नाहीत हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वर्गात टाळ्या पडल्या. त्यानंतर नाझी विद्यार्थ्यांच्या टोळ्या संस्थेवर तपासणीला येऊ लागल्या. त्यांच्या असिस्टंटना काढण्यात आलं. कोहलर दोन वर्षं पत्रं लिहीत, अर्ज करत, भांडत राहिले, ते स्वतःसाठी नाही, असिस्टंटसाठी. काही उपयोग झाला नाही. १९३५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्वॉर्थमोर या छोट्या कॉलेजात नोकरी धरली. डुंकरही नंतर तिथे आला, पण तो आतून मोडून गेला होता. १९४० मध्ये, ३७ व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं.

शेवटची वर्षं

स्वॉर्थमोरला कोहलरनी १९५८ पर्यंत शिकवलं. प्लांकचा हा विद्यार्थी फिजिक्स विसरला नव्हता. मेंदूत विद्युत क्षेत्रं तयार होतात आणि आपल्याला दिसणाऱ्या आकृती त्या क्षेत्रांतून घडतात, असं त्यांचं मत होतं. १९५० च्या दशकात कार्ल लॅशली यांनी माकडांच्या मेंदूवर सोन्याचे पत्रे ठेवून आणि रॉजर स्पेरी यांनी मांजरांच्या मेंदूत अभ्रकाचे तुकडे घालून ही कल्पना तपासली. क्षेत्र बिघडायला हवं होतं, पण प्राण्यांना आकृती नीट ओळखता येत होत्या. कोहलरनी ते मानलं नाही, पण विज्ञान पुढे निघून गेलं. चिंपांझींच्या फजितीची इतकी प्रामाणिक नोंद ठेवणारा माणूसही स्वतःच्या लाडक्या थिअरीपुढे हट्टी होतो, हेही चरित्रात यायला हवं. १९५९ मध्ये ते अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले. ११ जून १९६७ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या एनफिल्ड इथे, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मित्रमैत्रिणींनो, मी हे सगळं का लिहिलं? सुलतानकडून घ्यायचं ते सोपं आहे. मागच्या पाच वर्षांचे पेपर पाठ करून पेपर सुटतो, पण जरा थांबून, दोन्ही काठ्या हातात घेऊन बसल्याशिवाय जोड दिसत नाही. कोहलरकडून घ्यायचं ते अवघड आहे. होस्टेलमध्ये रात्री कोणाला त्रास दिला जात असतो तेव्हा अख्ख्या विंगला ऐकू येतं, आणि अख्खी विंग झोपल्याचं सोंग करते. प्रत्येकाला वाटतं, मी एकटा बोलून काय होणार? कोहलर एकटे बोलले, आणि खरं सांगायचं तर हिटलर काही थांबला नाही. पण ज्या वाचकांना वाटत होतं की असा विचार करणारे आपण एकटेच आहोत, त्यांना त्या दिवशी कळलं की तसं नाही. मला वाटतं, गप्प बसलेल्या विंगमध्ये पहिलं दार उघडण्याचा उपयोग एवढाच असतो, आणि तो पुरेसा आहे.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल